दूरचित्रवाणीवरचा हिचकॉक: एका चित्रपटमालिकेचे परीक्षण

जुन्या चित्रपटांना वाहिलेल्या एका वाहिनीने नुकतीच आल्फ्रेड हिचकॉकच्या चित्रपटांची मालिका दाखवली. आठवड्याला एक चित्रपट, रात्रीची ठरलेली वेळ आणि इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या बोलपटांपासून ‘द बर्ड्स’पर्यंतचा पल्ला, अशी तिची आखणी होती. माझे मत आधीच सांगून टाकतो. चित्रपटांची निवड जाणकाराने केलेली होती, प्रती बहुतांशी उत्तम होत्या, पण जाहिराती कुठे घालाव्यात याचा वाहिनीने अजिबात विचार केलेला नव्हता. जुन्या काळच्या मोठ्या दिग्दर्शकांपैकी घरच्या पडद्यावर सर्वांत चांगला जमून येणारा दिग्दर्शक हिचकॉकच आहे, असे मला मनापासून वाटते. आणि निष्काळजी प्रक्षेपणाने सर्वांत लवकर बिघडणाराही तोच. दोन्हींचे कारण एकच आहे. चौकटीत काय दिसते आणि ते किती वेळ दिसते, या दोन गोष्टींवर त्याचा सगळा चित्रपट उभा असतो.

आधी चौकटीविषयी. सिनेमास्कोपसारखी अतिरुंद चौकट हिचकॉकने कधीच वापरली नाही. १९५४ नंतरच्या त्याच्या चित्रपटांची चौकट रुंदीला साधारण १.८५ आणि उंचीला १ अशा प्रमाणात दाखवली जाते, आणि आजच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा १.७८ ला १ असतो. त्यामुळे ‘व्हर्टिगो’ किंवा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ घरी पाहताना वर-खाली काळ्या रंगाची जेमतेम एक बारीक पट्टी उरते आणि बाकी सगळे चित्र जसेच्या तसे मिळते. ज्यांनी रुंद पडद्यासाठीच दृश्ये रचली, अशा दिग्दर्शकांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. त्यांचे चित्रपट घरच्या पडद्यावर एकतर आक्रसतात, नाहीतर दोन्ही कडांनी कापले जातात. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५१) आणि त्याआधीचे चित्रपट जवळजवळ चौरस चौकटीचे आहेत. ते दाखवताना डावीकडे आणि उजवीकडे काळी जागा सोडावीच लागते. ही मोकळी जागा प्रेक्षकाला खटकेल या भीतीने काही वाहिन्या चित्र ताणतात किंवा मोठे करून वरून-खालून कापतात, आणि तसे कापले की जवळजवळ एक चतुर्थांश उंची गमवावी लागते. या मालिकेत तसे एकदाही झाले नाही. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’मधल्या टेनिसच्या सामन्यात सगळ्या प्रेक्षकांच्या माना चेंडूबरोबर डावी-उजवीकडे वळत असताना मधोमध बसलेला खलनायक ब्रूनो एकटाच समोर रोखून पाहत राहतो. ही रचना आहे तशी पाहायला मिळाली याबद्दल वाहिनीचे आभार मानलेच पाहिजेत. त्याच चित्रपटात खाली पडलेल्या चष्म्याच्या काचेत खून दिसतो. ती काच जर अर्धी कापली गेली असती, तर दृश्यातला अर्थच उरला नसता.

दूरचित्रवाणी हे माध्यम हिचकॉकला परके नव्हते, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. मोठ्या पडद्यावर नाव कमावलेले बहुतेक लोक या छोट्या पडद्याकडे संशयाने पाहत होते, त्या काळात, म्हणजे ऑक्टोबर १९५५ मध्ये, त्याने ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ ही अर्ध्या तासाच्या कथांची मालिका सुरू केली. फ्रेंच संगीतकार गुनोच्या संगीतावर स्वतःच्याच रेखाचित्रात चालत शिरणारा तो स्थूल माणूस, आणि प्रायोजकांच्या जाहिरातींना भर कार्यक्रमात टोमणे मारणारी त्याची संथ, गंभीर प्रस्तावना, यांमुळे त्याचा चेहरा घराघरांत पोहोचला. त्यातले फार थोडे भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केले, परंतु ‘ब्रेकडाऊन’सारखा भाग पाहिला म्हणजे छोट्या पडद्याची ताकद त्याला किती नेमकी कळली होती हे दिसते. अपघातात सापडून पूर्णपणे लुळा पडलेला माणूस, त्याचा न हलणारा चेहरा, आणि मनातल्या मनात मदतीसाठी ओरडणारा त्याचा आवाज, एवढ्यावर सगळी कथा तोललेली आहे. वाहिनीने असे दोन-चार भाग चित्रपटांच्या आधी दाखवले असते, तर मालिका अधिक अर्थपूर्ण झाली असती.

या कामाचा थेट परिणाम म्हणजे ‘सायको’ (१९६०). तो चित्रपट हिचकॉकने मुद्दाम कृष्णधवल रंगांत, थोड्या खर्चात आणि आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून केला. छायालेखक जॉन रसेलसुद्धा तिथलाच. त्यामुळे ‘सायको’ घरी पाहताना मोठ्या पडद्याची उणीव फारशी जाणवत नाही. जाणवते ती वेगळीच अडचण. प्रदर्शनाच्या वेळी हिचकॉकने चित्रपटगृहांना अट घातली होती की खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही. ही कथा नेमकी कशाची आहे याबद्दलची समजूत तो पहिल्या पाऊण तासात इतक्या काळजीने बांधतो, की मधूनच येणाऱ्याला पुढच्या धक्क्याचे मोलच कळणार नाही. घरात मात्र प्रेक्षक केव्हाही येतो, केव्हाही उठतो. या वाहिनीने ‘सुरुवातीपासून पाहा’ ही सोय ठेवली होती आणि ती नीट चालत होती, हे चांगले झाले. मात्र आदल्या आठवडाभर त्याच वाहिनीवर येणाऱ्या झलकेत न्हाणीघरातल्या खुनाचे दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले गेले. ज्याने हा चित्रपट कधीच पाहिलेला नाही अशा तरुण प्रेक्षकाचा आनंद आपण हिरावून घेत आहोत, हे तिथल्या कोणाला सुचू नये याचे मला खरोखर वाईट वाटले.

आता जाहिरातींचा विषय, आणि येथे मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने १९६२ मध्ये घेतलेल्या दीर्घ मुलाखतीत हिचकॉकने धक्का आणि उत्कंठा यांतला फरक समजावून सांगितला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच माहीत नसताना तो फुटला तर प्रेक्षकाला काही क्षणांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितले आणि टेबलाशी बसलेली माणसे निवांतपणे इकडच्या-तिकडच्या गप्पा मारत राहिली, तर तोच प्रसंग कित्येक मिनिटे जीव टांगणीला लावतो. या कल्पनेत खरी किंमत आहे ती वेळेची. त्या मिनिटांचे सातत्य तुटले की बॉम्ब असून नसल्यासारखा होतो. ‘नटोरियस’ (१९४६) मधल्या मेजवानीचा प्रसंग घ्या. उंचावरून सुरू झालेला कॅमेरा गर्दीवरून सलग खाली उतरत इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीपर्यंत येतो. पुढे ती आणि कॅरी ग्रँट तळघरात शोध घेत असताना वर शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून संपत जातात, आणि बाटल्या संपल्या की घराचा मालक तळघराकडे येणार हे आपल्याला पक्के ठाऊक असते. बाटल्यांची संख्या हेच येथले घड्याळ आहे. वाहिनीने हे घड्याळ मध्येच थांबवले आणि साबण, विमा व मोटारी दाखवून मग ते पुन्हा सुरू केले. परत आल्यावर दृश्य तेच होते, पण छातीतली धडधड निघून गेली होती.

‘रोप’ (१९४८) च्या बाबतीत तर हा प्रकार जवळजवळ विध्वंसक ठरला. कॅमेऱ्यात एका वेळी दहा मिनिटांच्या आसपास पुरेल एवढीच फिल्म मावत असे. तेवढ्या लांबीचे सलग तुकडे चित्रित करून, त्यांपैकी बरेचसे जोड एखाद्याच्या कोटाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन लपवत, हिचकॉकने हा ऐंशी मिनिटांचा चित्रपट एकाच सलग संध्याकाळीसारखा घडवला आहे. खिडकीबाहेरच्या शहरावर उजेड हळूहळू मावळत जातो, ढग सरकतात, दिवे लागतात; पेटीत प्रेत आहे आणि त्याच पेटीवर पाहुण्यांसाठी जेवण मांडलेले आहे. संकलनाची कात्री प्रेक्षकाला जाणवू नये म्हणून दिग्दर्शकाने एवढा आटापिटा केलेला असताना वाहिनीने एका तुकड्याच्या ऐन मध्यावर, पात्राचे वाक्यही पुरे होऊ न देता, जाहिरात घातली. ऐंशी मिनिटांचा चित्रपट विनाखंड दाखवणे कोणत्याही वाहिनीला अशक्य नाही. आधी आणि नंतर हव्या तेवढ्या जाहिराती दाखवाव्यात. त्या मी तक्रार न करता पाहीन.

सगळ्याच खंडांना माझा विरोध नाही, हेही नमूद करायला हवे. ‘रिअर विंडो’ (१९५४) मध्ये हिचकॉकने दिवस आणि रात्र यांच्या मध्ये अनेकदा पडदा पूर्ण काळा होऊ दिला आहे. त्या काळोखात कथा स्वतःच क्षणभर श्वास घेते, आणि तिथे जाहिरात आली तर फारसे बिघडत नाही. म्हणजे चित्रपट आधी एकदा लक्षपूर्वक पाहून खंडाच्या जागा ठरवणारा एक माणूस वाहिनीकडे असला तरी पुरे आहे. हिचकॉकची दूरचित्रवाणी मालिका जाहिरातींच्या जागा धरूनच लिहिलेली असे. तो हिशेब त्याला उत्तम येत होता. चित्रपट मात्र त्याने त्या हिशेबाने रचलेले नाहीत.

‘रिअर विंडो’ हा या मालिकेतला माझ्या दृष्टीने सर्वांत आनंदाचा चित्रपट. पाय मोडून खुर्चीत अडकलेला छायाचित्रकार आपल्या खिडकीतून समोरच्या इमारतींच्या खिडक्या पाहत राहतो, आणि आपणही घरातल्या खुर्चीत बसून एका चौकटीतून तेच पाहत असतो. चित्रपटगृहापेक्षा घरी हा चित्रपट अधिक टोचतो, असा माझा अनुभव आहे. पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलेल्या त्या प्रचंड चौकात प्रत्येक खिडकीमागे एक स्वतंत्र कथा चालू आहे: एकटी राहणारी आणि काल्पनिक पाहुण्यासाठी टेबल मांडणारी बाई, सूर शोधणारा संगीतकार, नुकतेच लग्न झालेले जोडपे. सुरुवातीची नामावली संपली की नेहमीच्या अर्थाचे पार्श्वसंगीत जवळजवळ थांबते. जे ऐकू येते ते चौकातूनच येते. कोणाचा रेडिओ, कोणाचा पियानो, रस्त्यावरची वर्दळ, मुलांचे आवाज. संगीतकाराची धून चित्रपटभर तुकड्या-तुकड्यांनी घडत जाते आणि अखेरीस पूर्ण होते. दूरचित्रवाणी संचाच्या आतल्या बारक्या ध्वनिक्षेपकांवर हे सगळे आवाज एकमेकांत मिसळून सपाट होतात, म्हणून हा चित्रपट तरी वेगळ्या स्पीकरवर किंवा चांगल्या हेडफोनवर ऐकावा, असा माझा आग्रह आहे.

याच चित्रपटात प्रक्षेपणाची एक उणीव उघडी पडली. चौकातल्या कुत्र्याला कोणीतरी मारल्यावर सगळे शेजारी आवाज ऐकून खिडक्यांत येतात, एकच घर अंधारात राहते, आणि त्या अंधारात विडीचा एक लालसर ठिपका मधूनच उजळतो. या एका ठिपक्यात सगळा संशय पक्का होतो. प्रक्षेपणात चित्राची माहिती फार दाबून पाठवली की गडद भागांतले बारकावे सर्वांत आधी नष्ट होतात. येथे ठिपका दिसला, पण भोवतीचा अंधार चौकोनी डागांनी भरून गेला होता आणि आत बसलेल्या माणसाचा भास व्हायला हवा तो झाला नाही. त्यात खोलीतला दिवा चालू असेल तर तेवढेही दिसणार नाही. हिचकॉक पाहताना दिवे मालवलेले बरे.

काही दोष वाहिनीचे नसतात, आपल्याच संचाचे असतात. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने चित्रित होतो. आजचे बहुतेक संच हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मधल्या चौकटी स्वतःच तयार करून भरतात. हिचकॉकच्या चित्रपटांना ही सुधारणा फार महागात पडते. त्याच्या मोटारीतल्या बहुतेक दृश्यांत पात्रे स्टुडिओत बसलेली असतात आणि मागच्या पडद्यावर आधी चित्रित केलेला रस्ता फेकलेला असतो. मूळ वेगात डोळा ही जोडणी सहज स्वीकारतो, पण भरलेल्या चौकटींमुळे माणसे आणि पार्श्वभूमी एकमेकांपासून सुटी पडतात आणि सगळा प्रसंग एखाद्या स्वस्त मालिकेसारखा दिसू लागतो. संचाच्या चित्रविषयक पर्यायांत जाऊन ही सोय बंद करावी. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडावा. फिल्मचे कण पुसून टाकणारा पर्यायही बंदच बरा, कारण कण पुसताना चेहऱ्यावरची त्वचाही पुसली जाते आणि ग्रेस केली मेणाच्या पुतळीसारखी दिसते.

‘व्हर्टिगो’ (१९५८) ची प्रत मालिकेत सर्वांत देखणी होती. या चित्रपटाचा इतिहासच असा आहे की तो घरबसल्या पाहायला मिळतो याचे अजूनही नवल वाटते. ‘रोप’, ‘रिअर विंडो’, ‘द ट्रबल विथ हॅरी’, ‘द मॅन हू न्यू टू मच’ ची १९५६ ची आवृत्ती आणि ‘व्हर्टिगो’ या पाच चित्रपटांचे हक्क हिचकॉककडे आले आणि ते कित्येक वर्षे लोकांना पाहायलाच मिळाले नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर, १९८३-८४ मध्ये ते पुन्हा पडद्यावर आले. पुढे १९९६ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी ‘व्हर्टिगो’चे पुनरुज्जीवन केले. त्या वेळी पावलांचे, दारांचे, बंदुकीचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले आणि त्यावरून जाणकारांत बराच वाद झाला. मलाही ते नवे आवाज जुन्या चित्रावर चिकटवल्यासारखे वाटतात. रंगांबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही. उपाहारगृहाच्या गडद लाल भिंती, मॅडलिनचा राखाडी पोशाख, आणि हॉटेलच्या निऑन पाटीच्या हिरव्या उजेडात धुक्यातून बाहेर येणारी ज्युडी, हे सगळे घरच्या पडद्यावर नीट उमटले. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षक-मतदानात हा चित्रपट पहिला आला. प्रदर्शनाच्या वेळचे त्याचे थंडे स्वागत आठवले, तर असे चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवत राहण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

उपशीर्षके वाचनीय होती, पण पडद्याच्या फार वर बसवलेली असल्यामुळे काही ठिकाणी हातांवर आली. हिचकॉकच्या चित्रपटात हात झाकणे म्हणजे कथा झाकणे होय.

निवडीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘शॅडो ऑफ अ डाऊट’ (१९४३) ला मिळालेले मानाचे स्थान. शांत गावातले सुखी कुटुंब, लाडका मामा, आणि त्या मामाविषयी भाचीच्या मनात हळूहळू रुजणारा संशय, अशी ही कथा कोणत्याही मोठ्या देखाव्यावाचून चालते आणि जेवणाच्या टेबलाभोवतीच्या साध्या बोलण्यातून भीती निर्माण करते. हिचकॉक कधीच न पाहिलेल्या प्रेक्षकाने येथूनच सुरुवात करावी. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ मात्र जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावा. ओसाड रस्त्यावर एकटा उभा असलेला कॅरी ग्रँट, सपाट शेते, येऊन निघून जाणाऱ्या गाड्या आणि दूरवर फवारणी करणारे विमान, या प्रसंगात जवळजवळ शेवटपर्यंत संगीत नाही; माणसाचे एवढेसेपण आणि भोवतालचे मोकळेपण यांच्या प्रमाणावरच सारे अवलंबून आहे, आणि लहान पडद्यावर ते प्रमाण हरवते. हा प्रसंग वाहिनीने अखंड दाखवला, त्याची नोंद केली पाहिजे. ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ (१९३५) ची प्रत ठीक होती. ‘रिबेका’ला १९४० च्या सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळाले असले तरी मला तो हिचकॉकच्या स्वभावाचा चित्रपट वाटत नाही, तो निर्मात्याच्या हुकमतीत घडलेला वाटतो.

मालिका पुढच्या वर्षी पुन्हा दाखवणार असल्याचे वाहिनीने जाहीर केले आहे. तेव्हा एक विनंती आहे. हिचकॉकचे घडणे मूकपटांतच झाले, आणि त्याच्या उपलब्ध नऊ मूकपटांचे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केलेले पुनरुज्जीवन २०१२ मध्ये पूर्ण होऊन लोकांसमोर आले. ‘द लॉजर’ (१९२७) मध्ये वरच्या मजल्यावर येरझारा घालणाऱ्या भाडेकरूची पावले खालच्या माणसांना ऐकू येतात, हे दाखवण्यासाठी त्याने काचेची जमीन करवून घेतली आणि खालून चित्रण केले. ‘ब्लॅकमेल’ (१९२९) तर मूक आणि बोलपट अशा दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. दोन्ही रूपे लागोपाठच्या रात्री दाखवली, तर ध्वनी हातात आल्याबरोबर त्याने काय केले ते प्रेक्षकाला स्वतःच्या कानांनी ऐकता येईल. या वेळची मालिका थेट बोलपटांपासून सुरू झाली. पुढच्या वेळी ती ‘द लॉजर’पासून सुरू व्हावी, आणि ‘रोप’ कृपा करून सलग दाखवावा.